विमानाने पंचवीस मिनिटं

लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवते आणि माझं गाव अर्धापूरच्या पुढे, केळीच्या बागांमध्ये आहे. शनिवारी शेवटचा तास संपला की मी स्टँडवर येते. चाकूर, अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला पोचते. तिथून अर्धापूरची गाडी, पुढे रिक्षा. दारात पाय ठेवते तेव्हा दिवेलागण झालेली असते आणि मायने तव्यावर भाकरी टाकलेली असते. रविवारी सकाळी हाच रस्ता उलटा धरायचा. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बसायला जागा मिळत नाही, अशी तक्रार माझ्या बरोबरीच्या मास्तरणी करतात. मी करत नाही. अर्धं तिकीट नसतं तर दर आठवड्याला घरी जाणं मला जमलंच नसतं.

माय केळीच्या टोळीत काम करते. बागेत घड कापणारे पुरुष वेगळे, ते डोक्यावर वाहून आणणारे वेगळे. शेडमध्ये बायका घडाच्या फण्या सोडवतात, पाण्याच्या टाकीत धुतात, पुसतात आणि खोक्यांत भरतात. मी सातवीत असताना वडील गेले, त्या वर्षापासून माय या टोळीत आहे. माझं शिक्षण त्या टाकीतल्या पाण्यावर झालं असं म्हटलं तर चूक होणार नाही. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो कशानेच जात नाही. माझ्या पदवीच्या फोटोत माय माझ्या शेजारी उभी आहे. नीट पाहिलं तर तिच्या ठेवणीतल्या साडीच्या पदरालाही एक डाग दिसतो. डाग काढून देऊ का, असं फोटोवाल्याने विचारलं होतं. मी नको म्हणाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि कोणामुळे पोचले ते त्या फोटोत दिसावं असं मला वाटलं.

आता मायच्या दोन नियमांविषयी सांगायला हवं, कारण सगळी अडचण त्यांनीच केली.

पहिला नियम तिच्या माहेरचा. घरचं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं तर त्याच्या पायाखालची वाट पुसली जाते. दुसरा नियम सासरचा, माझ्या आजीने घालून दिलेला. घर झाडल्याशिवाय दाराला कुलूप लावायचं नाही. पडलेला केर आत कोंडून बाईने कामावर जायचं म्हणजे लक्ष्मीला कोंडण्यासारखं आहे.

दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक आहेत. गावोगावच्या बायका ते पाळतात आणि त्यांचं काही अडत नाही. मी नांदेडच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा आमचंही अडलं नाही. मी तासाभरात पोचायचे, फोन करायचे, माय झाडून घ्यायची, कुलूप लावायची आणि कामावर जायची. घड वाहून आणेपर्यंत शेडमधल्या बायकांना तसंही काम नसतं. नांदेडपर्यंतचं अंतर या दोन नियमांच्या मध्ये नेमकं बसत होतं.

मग मला लातूरची कायम नोकरी लागली. गावात पेढे वाटले. शाळेतल्या ज्या गुरुजींनी मला नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला शिकवलं होतं, त्यांच्या पाया पडून आले. आणि पहिल्याच रविवारी मी लातूरला पोचून फोन केला तेव्हा दुपार पार कलली होती. माय तोवर उंबऱ्याशी बसून होती. घर झाडता येत नव्हतं, म्हणून कुलूप लावता येत नव्हतं, म्हणून कामावर जाता येत नव्हतं.

मी म्हणाले, मी निघायच्या आधीच झाडून घेत जा. पहाटे ती झाडतेच. पण त्यानंतर माझी वेणी होते, डब्याची भाजी निवडून होते, परातीतलं पीठ सांडतं. तो केर मी निघायच्या तोंडावर काढला तर लेकीला झाडून घराबाहेर काढल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. लातूरच्या माझ्या एका मैत्रिणीने सुचवलं की नांदेडच्या स्टँडवरूनच पोचले म्हणून सांगून टाक. मायचा फोन कसा असतो ते तिला ठाऊक नव्हतं. पोचले म्हटलं की माय पहिला प्रश्न विचारते, समोर काय दिसून राहिलं? मग खोलीतली खिडकी, खिडकीबाहेरचा कडुलिंब, मालकिणीची वाळत घातलेली लुगडी, हे सगळं सांगावं लागतं. आणि खरं सांगायचं तर वाटेवर असताना पोचले म्हणायला माझी जीभही वळली नसती. तिच्या नियमावर माझा विश्वास आहे की नाही हे मला नीट सांगता येत नाही, पण ती जे माझ्यासाठी पाळते ते खोटं पाडणं मला जमणारं नव्हतं.

केळीला रविवार नसतो. केळ्यांची गाडी लागली की माल भरावा लागतो. एक बाई कमी असली की तिच्या वाटच्या फण्या बाकीच्यांना धुवाव्या लागतात. टोळीची मुकादमही बाईच आहे, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. मावशी तोंडाची फटकळ. दोन-तीन रविवार तिने काढले, मग एका शनिवारी मी गावात शिरत होते तेव्हा रस्त्यातच मला गाठलं. म्हणाली की तुझ्या मायच्या हातासारखा हात दुसरा नाही, तिच्या खोक्यात दबलेलं केळ सापडत नाही, पण दर आयतवारी जागा रिकामी राहिली तर बाकीच्या बायका माझ्यावर उठतील. दुसरी बाई बघावी लागेल. एवढं सांगून ती गेली. रागावली नव्हती. तिला वाईट वाटत होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

टोळी सुटणं म्हणजे मायचं सगळंच सुटणं होतं. त्या बायकांनी वडील गेल्यावर तिला हाताला धरून कामावर नेलं होतं. बोलायला, भांडायला, एकमेकींच्या डब्यात हात घालायला तिला त्याच होत्या. माझ्याकडे लातूरला ये म्हटलं की ती म्हणायची, तिथं मी दिवसभर कोनाशी बोलू, तुझ्या भिंतीशी का? म्हणून मी ठरवलं, पुढच्या महिन्यापासून महिन्यातून एकदाच गावी यायचं. तसं मी तिला सांगितलं. ती हातातली कोथिंबीर निवडत राहिली, आणि निवडून झालेलीच पुन्हा निवडायला घेतली.

त्याच आठवड्यात अकरावीला मी नकाशाचं प्रमाण शिकवत होते. रस्त्याचं अंतर आणि सरळ रेषेतलं अंतर यांतला फरक मुलांना सांगायला मी नेहमी नांदेड आणि लातूर घेते, कारण मला त्या रस्त्याची वळणं पाठ आहेत. एका मुलीने विचारलं की मॅडम, सरळ रेषेत कोण जातं? मी म्हणाले, विमान जातं. दोन्ही गावांना विमानतळ आहेत, चला, बघू किती लागतं. फोनवर शोधलं तर एक पान उघडलं. नांदेड विमानतळ ते लातूर विमानतळ, हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, उड्डाणाचा वेळ साधारण पंचवीस मिनिटं. वर्ग हसला. नांदेडहून मोठ्या शहरांना विमानं जातात, पण लातूरच्या धावपट्टीवर रोजची प्रवासी विमानं उतरत नाहीत. या दोन गावांच्या मध्ये विमान उडतच नाही आणि त्याचा वेळ मात्र मिनिटांत मोजून ठेवलाय, याची मुलांना गंमत वाटली. मलाही वाटली.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला बसताना ती गंमत मी मायला सांगितली. महिन्याच्या गोष्टीनंतर घरात जे अवघडलेपण आलं होतं ते जावं, एवढाच हेतू. माय हसली नाही. तिने भाकरी थापायची थांबवली.

"मंजे नांदेडाहून लातूरला माणूस पंचवीस मिनटात पोचू शकतंय."

"विमान असलं तर, माय."

"नांदेडाला विमान हाय का न्हाई? रोज बागेवरून जातंय ते काय हाय मग?"

"ते हाय. पण ते लातूरला जात नाही."

"लातूरला उतरायला जागा हाय म्हनलीस ना?"

"जागा हाय."

"झालं तर. वाट हाय. आता त्या वाटेनं कोनी जाऊन न्हाई राहिलं तर तो त्यांचा प्रश्न."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या नांदेडच्या स्टँडवरून फोन कर. तिथून पंचवीस मिनटं धरायची. मग मी झाडती."

मी म्हणाले, "अगं पण मी तर बसमध्येच असणार."

"घराला काय ठाव, तू कशात बसलीस ते?"

मी शिकलेली. अंतर म्हणजे काय हे मुलांना शिकवून पगार घेणारी. पण त्या क्षणी मला वाटलं की या पानाचा एवढा चांगला उपयोग जगात दुसऱ्या कोणीच केला नसेल. मायने माहेरचा नियम मोडला नाही, सासरचाही मोडला नाही, फक्त दोघांच्या मध्ये एक विमान उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडहून फोन केला. पंचवीस मिनिटांनी तिने घर झाडलं, कुलूप लावलं आणि पहिले घड शेडमध्ये उतरत होते तेव्हा ती टाकीपाशी उभी होती. मावशीने विचारलं, लेक एवढ्यात पोचली का? मायने सगळं खरं सांगितलं. त्या दिवसापासून टोळीत तिचं नाव विमानवाली पडलं. कोणी उशिरा आलं तर तिला विचारायच्या, काहून गं, तुझं विमान चुकलं का? माझं महिन्याचं ठरवलेलं आपोआप बारगळलं. मी दर शनिवारी येत राहिले, आणि मायची जागा तिच्याकडेच राहिली.

असे बरेच रविवार गेले. मग एका रविवारी लोह्याच्या अलीकडे रस्ता रोको होता. आमची गाडी बराच वेळ उभी राहिली, नंतर चालकाने ती वळवून पुन्हा नांदेडला आणली. दुपारनंतर गाड्या सुटतील असं कळलं. स्टँडवर ताटकळत बसण्यापेक्षा घरी जाऊन येऊ म्हणून मी अर्धापूरची गाडी धरली. मायला फोन लावला, पण टाकीत हात असले की ती उचलत नाही. सकाळचा माझा फोन तिला पोचला होता, त्यामुळे ती कामावर गेली असणार हे मला ठाऊक होतं.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली आणि दार उघडलं. घर स्वच्छ झाडलेलं होतं. भांडी पालथी घातलेली, अंथरुणाची वळकटी भिंतीला लावलेली. आणि आत पाऊल टाकणार तोच मी थांबले. उंबऱ्याच्या आत, जिथे बसून मी सकाळी चपला घालते, तिथली हातभर जागा झाडलेली नव्हती. माझ्या वेणीतून निघालेल्या केसांचं गुंडाळं, कोथिंबिरीच्या चार काड्या, माझ्या पिशवीतून गळलेली रेती, सगळं जसंच्या तसं. त्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून आतल्या बाजूने एक पाट आडवा उभा करून ठेवला होता.

काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की दर आयतवारी असंच असतं. संध्याकाळी माय कामावरून येते, तुझा फोन आलेला असतो, मग दिवा लावायच्या आधी तेवढी जागा झाडते. कधी तुझा फोन उशिरा आला आणि दिवेलागण झाली, तर तेवढा केर सकाळपर्यंत तसाच. दिवा लागल्यावर झाडत नाहीत ना.

मी त्या पाटाला वळसा घालून आत गेले नाही. दार तसंच ओढून घेतलं, किल्ली परत दिली आणि बागेकडे निघाले.

शेडमध्ये मला पहिल्यांदा मावशीने पाहिलं.

"काय गं विमानवाले," ती मायला म्हणाली, "तुझं विमान तर माघारी आलं."

बायका खळखळून हसल्या. माय वळली. मला पाहिल्यावर तिच्या हातातली फणी पाण्यात सुटली आणि चेहरा असा झाला की हसणाऱ्या बायका गप्प झाल्या. काही झालेलं नाही, फक्त रस्ता बंद होता, हे मी घाईघाईने सांगितलं. तिने पदराने हात पुसले, माझ्या दोन्ही दंडांना चाचपलं, मग रागावली. अर्ध्या वाटेतून कशाला आलीस, स्टँडवर बसायचं होतंस. आता आलीस तर आधी बस, पाणी पी. मी एका रिकाम्या खोक्यावर बसले. पाणी प्यायले. ती समोर उभी राहिली.

मी हळूच विचारलं, "माय, तू तर म्हनली होतीस, घराला काय ठाव."

तिला लगेच कळलं. बाकीच्या बायका ऐकत आहेत हेही तिला दिसत होतं. तिने टाकीत हात घातला आणि सुटलेली फणी शोधत म्हणाली, "घराला न्हाई ठाव. मला हाय ना."

मावशी उगीच एका खोक्याची पट्टी तपासत राहिली.

लवकर निघणं भाग होतं. गाड्या सुरू झाल्याचं नांदेडहून कळलं होतं आणि सोमवारी माझा पहिला तास होता. पण माय मला घरी न्यायला निघाली असती तर पुन्हा तेच झालं असतं. मी घरातून निघणार, माझा फोन येईपर्यंत ती उंबऱ्याशी बसणार, आणि बाहेर केळ्यांची गाडी अर्धी भरलेली उभी होती. माय एकदा गाडीकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. तेव्हा मावशी म्हणाली की पोरीला इथूनच लावून द्या. घरून निघालीच नाही तर घराचा प्रश्नच कुठे येतो?

एका बाईने पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणला. दही नव्हतं, मायने तोच माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. सगळ्यांच्या पाया पडले. एकीने मला रिक्षापर्यंत पोचवलं.

लातूरला खोलीवर पोचले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मी फोन लावला. समोर काय दिसून राहिलं, मायने विचारलं. मी खिडकी सांगितली, कडुलिंब सांगितला, अंधार झाल्यामुळे लुगडी आत घेतल्याचं सांगितलं. मग विचारलं की तू घरी कधी आलीस. ती म्हणाली, लवकरच आले, गाडी भरून झाली की मावशीनं सगळ्यांना घरी जा म्हनून सांगितलं.

टोळीबरोबर कामावर मी लहानपणी पुष्कळ वेळा गेले आहे, त्यामुळे मला ते विचित्र वाटलं. गाडी गेल्यावर शेड झाडावं लागतं. केळीची पानं, चिकाने माखलेले कागद, तुटके दांडे, सगळा गुडघाभर कचरा असतो आणि तो काढल्याशिवाय मावशी कोणाला हलू देत नाही.

"आन् शेड?" मी विचारलं.

"न्हाई झाडलं," माय म्हणाली. "मावशी म्हनली, लेक हितून निघाली हाय, ती पोचल्याबिगर शेडला झाडू लावायचा न्हाई. बागवाला आला होता. त्याला म्हनली, उद्या लवकर येऊन झाडताव, आज तुम्ही बोलू नका."

वर्षानुवर्षं रोजच्या रोज झाडलं जाणारं ते शेड त्या रात्री तसंच पडून होतं, आणि दिवेलागण झाल्यामुळे आता ते सकाळीच झाडलं जाणार होतं.

सोमवारी मी पहिल्या तासाला जात होते तेव्हा मायचा फोन आला. ती सहसा सकाळी करत नाही. पलीकडे दोन-तीन खराट्यांचा आवाज येत होता, आणि मावशीचा, की पोचली का ते नीट विचार, मग पानं उचला. माय म्हणाली, "कालच पोचली गं ती." मावशीने तिच्या हातातून फोन घेतला आणि मला विचारलं, "समोर काय दिसून राहिलं, बाई?"

मी कॉलेजच्या फाटकात उभी होते. मी तिला फाटक सांगितलं.